जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजेक्टर बदलण्याआधी

हौसेनं घेतलेली वीस-तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार एका पावसाळ्यानंतर आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) मिसिंग मारायला लागते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेट घेत नाही. सिग्नलवरून निघताना अडखळते. गरम इंजिन बंद करून पुन्हा चालू करायचं म्हटलं की सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो. गॅरेजमध्ये ‘इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) गेले’ असं निदान होतं आणि मालक त्याच रात्री इंटरनेटवर ‘या गाडीला बसतील’ असे इंजेक्टर शोधायला लागतो. पुण्यात जुन्या गाड्यांच्या नादाला नव्यानं लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे आणि माझा आग्रह एकच आहे. गाडीतल्या इंजेक्टरचं पूर्ण मोजमाप होईपर्यंत नव्या इंजेक्टरवर एक रुपयाही घालू नका. भोकात बसणारा इंजेक्टर आणि इंजिनाला चालणारा इंजेक्टर यांत फार मोठं अंतर असतं. ते अंतर कळलं नाही तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळू शकतो, पिस्टन जळू शकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडी पेटू शकते.

आधी खात्री करा, दोष इंजेक्टरचाच आहे ना

मिसिंगची कारणं अनेक असतात. प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल, कॉम्प्रेशन आणि व्हॅक्यूमचे तडकलेले पाईप हे सगळं आधी तपासून घ्या. त्यानंतर इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचं कपलर (विजेच्या वायरीचं टोक) काढून बघा. चांगल्या सिलिंडरचं कपलर काढलं की आरपीएम लगेच पडतो. ज्याचं काढूनही फरक पडत नाही, त्या सिलिंडरमध्ये गडबड आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली की टिकटिक ऐकू येते. आवाजच नसेल तर इंजेक्टरला दोष देण्याआधी कपलरपर्यंत करंट येतोय का ते बघा. जुन्या गाड्यांत कपलरचं प्लॅस्टिक उन्हातान्हानं ठिसूळ होतं आणि आतल्या पिना सैल होतात. मेलेला समजून काढलेला इंजेक्टर ठणठणीत आणि दोष वायरीत, असं फार वेळा होतं.

पेट्रोलचं प्रेशर गेज लावून मोजा. पंप दमला असेल किंवा प्रेशर रेग्युलेटर बिघडला असेल तर इंजेक्टरचा नवा संच घालूनही गाडी तशीच चालेल.

पुण्यातल्या, खरं तर देशभरातल्या मालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २०२३ च्या फेब्रुवारीपासून ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल टप्प्याटप्प्यानं आलं आणि आता नेहमीच्या पंपांवर बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. म्हणजे तेवढ्याच हवेमागे साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे सात-आठ टक्के जास्त इंधन पडायला हवं. ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे ती बऱ्याच अंशी स्वतःला सावरून घेते. ज्या जुन्या गाडीत तो सेन्सर नाही ती लीन चालते (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), हलक्या थ्रॉटलवर हिसके देते, खंबाटकी घाट चढताना जोर कमी वाटतो. ही लक्षणं हुबेहूब तुंबलेल्या इंजेक्टरसारखी असतात. इंजेक्टर स्वच्छ असूनही गाडी लीन चालत असेल तर उपाय मिश्रणाच्या ट्यूनिंगमध्ये शोधायचा.

गाडीत कुठली इंजेक्शन पद्धत आहे ते ओळखा

बॉशची के-जेट्रॉनिक पद्धत असेल तर पुढची निम्मी माहिती तुम्हाला लागू होत नाही. पोर्शे ९११ एससी (१९७८ ते १९८३) आणि आर१०७ मालिकेतल्या बऱ्याच मर्सिडीज एसएल अशा आहेत. त्यांचे इंजेक्टर पूर्ण यांत्रिक असतात. त्यांना वायर नसते, ठराविक दाबाला ते उघडतात आणि इंजिन चालू असेपर्यंत सतत फवारत राहतात. तिथे मल्टिमीटरचा उपयोग नाही. उघडण्याचा दाब आणि फवारा तपासायचा. बॉशचा त्यांचा नंबर सहसा ०४३७ ने सुरू होतो. ९११ च्याच १९८४ नंतरच्या कॅरेरा ३.२ मध्ये बॉशची ईसीयूवर चालणारी मोट्रॉनिक पद्धत आली आणि इंजेक्टर विजेवर चालायला लागले. गाडीचं नाव आणि ढोबळ वर्ष सांगून पार्ट मागवणं धोक्याचं का, ते यावरून कळेल.

विजेवर चालणाऱ्यांमध्येही दोन घराणी आहेत. बहुतेकांत पेट्रोल वरच्या टोकातून येतं. निसान ३००झेडएक्ससारख्या काही जपानी गाड्यांत ते बाजूनं येतं आणि इंजेक्टर रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) पोटात बसतो. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

शोध गाडीच्या नावानं घेण्यापेक्षा इंजिनाच्या नावानं घ्या. छोट्या कंपन्यांच्या स्पोर्ट्स कार बहुधा दुसऱ्याचं इंजिन घेऊन बनलेल्या असतात. आपल्याकडे गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्ममध्ये रेनोचं ११४९ सीसी इंजिन आहे. लोटस एलिसच्या पहिल्या पिढीत रोव्हरचं इंजिन होतं, पुढे टोयोटाचं आलं. स्टॉर्मचा इंजेक्टर ‘सॅन स्टॉर्म’ या नावानं शोधलात तर हाती काही लागणार नाही, रेनोच्या इंजिन कोडनं शोधलात तर वाट सापडेल. गाडी जपानहून आलेली असेल तर चॅसी नंबरवरूनच नंबर काढा. माझदाची एमएक्स-५ जपानात यूनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. दिसायला सारख्या गाड्यांचे पार्ट नंबर बाजारपेठेनुसार वेगळे असू शकतात.

काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग दोन-तीनदा सेल्फ मारा. रेलमधला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. दाब उतरवला तरी जोड सोडताना थोडं पेट्रोल येतंच, म्हणून खाली फडकं धरा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. अग्निशामक सिलिंडर हाताच्या अंतरावर असला पाहिजे. हे काम सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या पंपाच्या स्विचची ठिणगी तिला पुरते. उघड्यावर, सावलीत, वारं खेळतं तिथे काम करा.

रेल उचलण्याआधी मॅनिफोल्डवरची (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागावरची) धूळ हवेनं उडवून घ्या. इंजेक्टर निघाला की ती थेट आत जाते. प्रत्येक इंजेक्टरवर सिलिंडरचा क्रमांक लिहा, त्याच्या कपलरचं तोंड कोणत्या दिशेला होतं त्याचा फोटो काढा आणि मोकळ्या भोकांत स्वच्छ कापड बसवा.

टेबलावर ठेवून नीट बघा

या पायरीला निवांत वेळ द्या. पांढऱ्या कागदावर इंजेक्टर ओळीनं मांडा. वरच्या टोकाची ओ-रिंग (रबरी गोल सील) नखानं दाबून बघा. चांगलं रबर दबून परत वर येतं. जुनं रबर दगडासारखं लागतं, त्याची गोलाई जाऊन चपटी कड आलेली असते, ताणलं तर केसाएवढ्या भेगा दिसतात. वरच्या तोंडातून आत बघितलं की बारीक जाळीचा फिल्टर दिसतो. त्यात तांबूस चूर असेल तर टाकीत गंज आहे. असं असेल तर टाकी आणि मुख्य फिल्टर साफ केल्याशिवाय नवे इंजेक्टर घालू नका, तेही तसेच तुंबतील. पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत हा चूर हमखास सापडतो, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. खालच्या टोकाला बॉशच्या जुन्या इंजेक्टरवर एक छोटी प्लॅस्टिकची टोपी असते. ती तडकलेली किंवा गायब असेल तर मॅनिफोल्डमध्ये पडली आहे का ते शोधा.

आता अंगावरचा नंबर वाचा. बॉशच्या जुन्या, जाड अंगाच्या इंजेक्टरवर ०२८० १५० ने सुरू होणारा दहा आकडी नंबर असतो. त्यानंतरच्या सडपातळ पिढीवर ०२८० १५५, पुढे १५६ आणि १५८. डेन्सोवर १९५५०० ने सुरू होणारे नंबर खूप दिसतात. गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर वेगळा असतो, तोही मिळवा. चारही इंजेक्टरवर एकच नंबर आहे ना, तेही बघा. आधीच्या मालकानं मधला एखादाच बदललेला असतो आणि मिसिंगचं मूळ तिथेच असतं.

मग मल्टिमीटर. नसेल तर तापकीर गल्लीत साधा मिळतो, या कामाला तेवढा पुरतो. इंजेक्टरच्या दोन पिनांमधला, म्हणजे आतल्या कॉइलचा, रेझिस्टन्स मोजा. साधारण १२ ते १६ ओहम आला तर तो हाय इम्पीडन्स. २ ते ४ च्या आसपास आला तर लो इम्पीडन्स. या आकड्याकडे दुर्लक्ष करू नका. १४ व्होल्टला १४ ओहमच्या कॉइलमधून एक अँपिअर जातो, अडीच ओहमच्या कॉइलमधून साडेपाचच्या वर. हाय इम्पीडन्ससाठी बनवलेल्या ईसीयूला लो इम्पीडन्स इंजेक्टर जोडला तर त्यातला ड्रायव्हर (इंजेक्टरला करंट देणारं सर्किट) जळतो आणि पंचवीस वर्षं जुन्या गाडीचा ईसीयू शोधणं म्हणजे महिनोन् महिन्यांचं काम. उलट बाजूही बघा. काही जुन्या होंडा आणि टोयोटांत लो इम्पीडन्स इंजेक्टरच्या वाटेत रेझिस्टरचा डबा असतो. तिथे हाय इम्पीडन्स घालायचे तर तो डबा बायपास करावा लागतो.

एखाद्या कॉइलचा आकडा बाकीच्यांपेक्षा एखाद्या ओहमनं जरी वेगळा असला, किंवा मीटर काहीच दाखवत नसला, तर तो इंजेक्टर बाद. कॉइल दुरुस्त होत नाही. काही कॉइल थंड असताना बरोबर दाखवतात आणि तापल्यावर तुटतात. म्हणून गाडी फक्त गरम झाल्यावर मिसिंग मारत असेल तर गरम इंजिनावरही एकदा मोजून घ्या.

घेण्याआधी साफ करून बघा

कॉइल शाबूत असलेले इंजेक्टर नेहमी आधी साफ करून फ्लो टेस्ट (प्रत्येकातून किती इंधन जातं याचं माप) करावेत असं माझं ठाम मत आहे. टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटलीबद्दल मी बोलत नाहीये. इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक टाकीत, त्यांना पल्स (उघडझाप करवणारे विजेचे झटके) देत साफ करायचे. पल्स दिली नाही तर सुई बंदच राहते आणि आतली घाण आतच राहते. मग बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) काचेच्या नळ्यांत प्रत्येकाचं माप घ्यायचं. पुण्यात ही सोय असलेली गॅरेजेस आहेत. जाण्याआधी फोनवर विचारा: पेट्रोल इंजेक्टरची बेंच आहे का (डिझेलची वेगळी असते), आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून देता का. आकडे लिहून देत नसतील तर दुसरीकडे जा.

बेंचसमोर स्वतः उभं राहा. काचेतून फवारा दिसतो. चांगला फवारा अत्तराच्या कुपीसारखा बारीक आणि सारखा असतो. तुंबलेल्याची एक धार सुटते किंवा फवारा एका अंगाला जातो. पल्स बंद करून नुसता दाब ठेवायला सांगा. मिनिटभरात टोकाला थेंब जमून खाली पडला तर तो इंजेक्टर गळतो आहे. गरम इंजिनाला सेल्फ जास्त मारावा लागण्याचं एक कारण हेच असतं. साफसफाईनंतर संचातला फरक दोन-तीन टक्क्यांत असेल तर बिनधास्त वापरा. पाच टक्क्यांच्या वर राहिला तर मी तो संच गाडीत घालणार नाही.

बहुतेक जुने इंजेक्टर या परीक्षेत पास होतात. मग तुम्हाला नवे इंजेक्टर लागत नाहीत, सर्व्हिस किट लागतं: वरची आणि खालची ओ-रिंग, जाळीचा फिल्टर, टोकाची टोपी, स्पेसर आणि खालचा रबरी कुशन. ओ-रिंग व्हिटॉन रबराची घ्या, ई-२० साठी तीच खात्रीची. साध्या नायट्रिल रबराची इथेनॉलमध्ये फुगते आणि सुकली की कडक होते. किट तुमच्या इंजेक्टर नंबरचंच हवं. टोपीचं भोक आणि उंची मॉडेलप्रमाणे बदलते.

नवे घ्यायचेच असतील तर

पूर्ण संच घ्या. एकच नवा आणि तीन जुने अशी जोडणी करू नका, सिलिंडर एकमेकांशी भांडत राहतात.

आधी बसण्याची मापं. दोन ओ-रिंगांच्या मध्यांमधलं अंतर व्हर्निअरनं मोजा. बॉशचा आजचा ईव्ही-१४ प्रकार तीन लांबीत येतो, सुमारे ६०, ४८ आणि ३४ मिलिमीटर. लांब अंगाचा बऱ्याच जुन्या जाड इंजेक्टरच्या जागी बसतो. बॉशच्या ओ-रिंगची जागा साधारण १४ मिलिमीटरची, बऱ्याच जपानी रेलमध्ये वरचं टोक ११ चं. कपलरही बघा. अॅडाप्टरची वायर लावून वेगळ्या कपलरचा इंजेक्टर जोडता येतो, पण जास्तीचा प्रत्येक जोड पुढे मिसिंगचं कारण होऊ शकतो. शक्य असेल तर नवं कपलर वायरीला नीट क्रिम्प करून घ्या.

मग फ्लो. इंजेक्टरची क्षमता मिनिटाला किती सीसी अशी सांगतात आणि ती एका ठराविक दाबाची असते, सहसा ३ बारची. दाब बदलला की क्षमता दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ३ बारला २४० सीसी देणारा इंजेक्टर अडीच बारला २१९ देतो, ४ बारला २७७. विक्रेत्यानं दाब न सांगता नुसतं ‘२४० सीसी’ लिहिलं असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. मूळ इंजेक्टरचा आकडा मिळत नसेल तर अंदाज असा काढा: पूर्ण थ्रॉटलवर प्रत्येक अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण सव्वापाच सीसी पेट्रोल लागतं. १३० अश्वशक्तीच्या चार सिलिंडर इंजिनाला एकूण ६८० च्या आसपास, म्हणजे एका सिलिंडरला १७०. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये, म्हणून १७० ला ०.८ ने भागा. उत्तर सुमारे २१३ सीसी. हे टर्बो नसलेल्या इंजिनाचं गणित आहे.

मोठे इंजेक्टर घातले की ताकद वाढते असं सांगणारे भेटतील. ईसीयूचं ट्यूनिंग मूळचंच असताना मोठा इंजेक्टर घातला तर गाडी रिच चालते (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त पडतं), प्लग काळे पडतात, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. मूळ क्षमतेच्या दोन-चार टक्क्यांत राहा.

डेड टाइम हाही महत्त्वाचा. करंट दिल्यापासून सुई प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो वेळ जातो तो, १४ व्होल्टला साधारण एक मिलिसेकंद. आयडलला संपूर्ण पल्सच दोन-तीन मिलिसेकंदांची असते. त्यामुळे फ्लो सारखा असूनही डेड टाइम वेगळा असलेला संच हायवेवर छान चालतो आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीत बंद पडतो. शेवटी फवाऱ्याचा आकार. सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह असतील तर बऱ्याचदा दोन फवाऱ्यांचा इंजेक्टर असतो, एकेक फवारा एकेका व्हॉल्व्हच्या पाठीवर. तो फिरवून बसवला तर दोन्ही भिंतीवर पडतात. काढताना फोटो काढायला सांगितला तो यासाठी.

कुठून घ्यायचे

नाना पेठेत काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘सॅम्पल आणलंय का?’ आणि तो योग्यच आहे. काढलेला इंजेक्टर, नंबर आणि मापांचा कागद घेऊनच जा. आयात स्पोर्ट्स कारचे इंजेक्टर तिथे मिळतील अशी फार अपेक्षा ठेवू नका, पण होज, क्लॅम्प आणि कपलर मिळतात. ओ-रिंगसाठी भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागातल्या सीलच्या दुकानांत जा. आतला व्यास आणि जाडी सांगा आणि व्हिटॉनच हवी असं स्पष्ट म्हणा. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला इथेही चौकशी करता येते. जुन्या बाजारातून वापरलेले इंजेक्टर घेऊ नका. किती तास चालले, किती वर्षं कोरडे पडले होते, काहीच कळत नाही.

परदेशातून मागवताना टपाल, कस्टम ड्युटी आणि जीएसटी मिळवून किंमत बघा. परत पाठवणं जवळपास अशक्य असतं, म्हणून नंबर दोनदा ताडा. बॉश आणि डेन्सोचे नकली इंजेक्टर भरपूर फिरतात. अंगावरचा नंबर शाईचा असेल आणि नखानं पुसटत असेल, संचातल्या इंजेक्टरच्या प्लॅस्टिकचा रंग वेगवेगळा असेल, किंमत अधिकृत भावाच्या पावभर असेल तर सोडून द्या. अनोळखी ‘ओईएम क्वालिटी’ (मूळ पार्टच्या तोडीचा म्हणवणाऱ्या) संचापेक्षा तुमचेच साफ केलेले, मोजलेले मूळ इंजेक्टर मला जास्त भरवशाचे वाटतात. नवा संच आला तरी तो गाडीत घालण्याआधी बेंचवर मोजून घ्या.

बसवताना

ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा आणि इंजेक्टर हलक्या हातानं फिरवत बसवा. कोरडी ओ-रिंग कडेला चिरते. वरची चिरली तर गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल, खालची चिरली तर बाहेरची हवा आत आणि आयडल वर-खाली. रेलकडे येणारा रबरी पाईप जुना असेल तर तोही बदला आणि इथे पैसे वाचवू नका. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पाईप या दाबाला टिकत नाही. पाईपच्या अंगावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघूनच घ्या. क्लॅम्पही गुळगुळीत कडेचे, इंजेक्शनसाठीचेच घ्या. स्क्रूच्या पट्टीचे साधे क्लॅम्प रबर कापतात.

सगळं जोडून झालं की इंजिन चालू न करता इग्निशन दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. काही गाड्यांत यानं पंप थोडा वेळ चालतो आणि रेलमध्ये दाब येतो. ज्यांत चालत नाही तिथे पंप रिलेच्या जागी जंपर लावून दाब भरा. टॉर्चनं प्रत्येक जोड बघा, कोरडा टिश्यू फिरवा. ओलसर डाग दिसला तर तिथेच थांबून तो जोड उघडा. कोरडं असेल तर इंजिन चालू करा, पूर्ण तापू द्या, बंद करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच बघा. गरम झाल्यावर सुटणारे जोड थंडपणी दिसत नाहीत.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर प्लग काढून चारहींचा रंग शेजारी शेजारी ठेवून बघा. पीयूसीला जाल तेव्हा नुसतं पास-नापास न बघता पावतीवरचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे आधीच्या पावतीशी ताडा. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर गाडी रिच चालते आहे आणि प्रेशर रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम पाईपपासून तपासणी पुन्हा सुरू करायची. काढलेले मूळ इंजेक्टर कॉइल जिवंत असतील तर टाकू नका. थोडं ऑइल घालून, दोन्ही टोकं झाकून, फ्लोचे आकडे लिहिलेल्या पिशवीत ठेवा. अशा गाड्यांचे पार्ट वर्षागणिक दुर्मीळ होत चालले आहेत.